जीपची खडखड आणि पुढच्या पाट्यांचे बुश

बैलगाडी वापरलेल्या घरात एक गोष्ट सांगावी लागत नाही. तुंब्यातली लोखंडी आवण झिजली की चाक आखावर डुलू लागते, गाडी वाकडी चालते आणि बैलांच्या खांद्याला त्रास होतो. म्हणून आपले वाडवडील वंगणाचा नळा गाडीखाली टांगून ठेवत आणि आवाज बदलला की चाक काढून पाहत. त्याच घरात पुढे जीप आली, पण आवाज ऐकण्याची ती सवय मात्र बैलगाडीबरोबर गोठ्याच्या मागे पडून राहिली. "जुनी गाडी आहे, वाजणारच" असे म्हणून आपण मोकळे होतो.

आमच्या घरीही तसेच झाले. थोरल्या बंधूंची जीप जुन्या घडणीची, चारही चाकांना पाटे असलेली. टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यायचे, येताना खताची पोती आणायची, आणि सणावाराला तीच गाडी घरच्या माणसांसाठी. २०१९ च्या उन्हाळ्यापासून ब्रेक दाबला की पुढून 'खट' असा एकच आवाज यायचा. दादांनी एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने ग्रीस मारले, पैसे घेतले आणि काही नाही म्हणून सांगितले. आवाज आठ दिवस कमी झाला आणि पुन्हा सुरू झाला. वहिनी म्हणाल्या, "अहो, पुन्हा वाजतंय बघा." दादांचे उत्तर ठरलेले, "हंगाम उरकू दे, मग बघू."

श्रावणात राखीला वहिनी माहेरी मुरबाडकडे निघाल्या. बरोबर दोन मुले. माळशेज घाट उतरताना धुके होते. एका वळणावर दादांनी ब्रेक दाबला आणि गाडीचे तोंड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला गेले. त्या क्षणी समोरून कोणी येत नव्हते, एवढेच. दादांनी स्टेअरिंग ओढून गाडी डाव्या कडेला घेतली आणि सगळ्यांना खाली उतरवले. वहिनी व मुले एस.टी.ने पुढे गेली. गाडी दुसऱ्या दिवशी वर आणली ती टेम्पोला बांधून नव्हे, ट्रकवर चढवून.

उजव्या पाट्याच्या पक्क्या टोकाचा बोल्ट काढला तेव्हा तो मधोमध निम्मा खाल्लेला होता. बुशातले रबर केव्हाच गळून गेले होते. तो बोल्ट वहिनींनी फडताळात ठेवला आहे. गाडी वाजते असे कोणी म्हटले की त्या तो काढून हातात देतात.

आता हे असे का होते ते पाहू. जीपचा पुढचा एक्सल दोन पाट्यांवर बसलेला असतो. मोठ्या पाट्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा चेसीला बोल्टने पक्का केलेला, दुसरा शॅकलला. खड्ड्यात चाक वर गेले की पाटा सरळ होतो, म्हणजे त्याची लांबी वाढते. ती वाढ शॅकल झोका घेऊन सामावून घेतो. प्रत्येक पाट्याला अशा तीन हलत्या जागा, पक्क्या टोकाची एक आणि शॅकलच्या खालची व वरची अशा दोन. दोन्ही बाजूंच्या मिळून सहा. या प्रत्येक जागी बोल्ट आणि डोळा यांच्यामध्ये बुश असतो. धक्का त्याने खायचा आणि झिजायचेही त्यानेच. बुश स्वस्त, पाटा महाग, अशी ही योजना आहे.

ब्रेक दाबला की चाके थांबू पाहतात आणि गाडीचे वजन पुढे रेटते. म्हणजे चेसीच्या मानाने एक्सल मागे ढकलला जातो. दोन्हीकडचे बुश घट्ट असतील तर एक्सल सरळ राहतो. उजवीकडचा बुश गेलेला असेल तर एक्सलचे उजवे टोक तेवढे मागे सरकते, एक्सल तिरपा होतो आणि गाडी उजवीकडे वळते. तुम्ही स्टेअरिंग सरळ धरलेले असते तरीही. ओझे जितके जास्त आणि उतार जितका तीव्र, तितके हे जोरात होते. रिकाम्या गाडीने गावातल्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून "ठीक आहे" म्हणणे म्हणूनच फसवे.

तपासणी घरच्या घरी होते आणि तिला दोन माणसे लागतात. गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करा. मुलाला किंवा घरधनिणीला स्टेअरिंगवर बसवा. इंजिन बंदच ठेवा. त्यांनी स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे भराभर हलवायचे आणि तुम्ही पुढे बसून शॅकल पाहायचा. शॅकल आडवा हलताना दिसला तर बुश संपला. मग एकाने पायाचा ब्रेक दाबून धरावा आणि दोघातिघांनी गाडी मागेपुढे ढकलावी. पक्क्या टोकाच्या डोळ्यावर बोट ठेवले तर 'टक' झालेली बोटाला कळते. शेवटी डोळा आणि चेसीच्या मध्ये टॉमी घालून उचकटून पाहा. चांगला बुश किंचित दबतो आणि परत येतो. गेलेला बुश सैल हलतो. बोल्टाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, रबर एका बाजूने बाहेर आलेले दिसले, तर आणखी पुरावा नको.

एक मोजमापही करून घ्या. पुढची चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक पडला तर एक्सल सरकलेला आहे. बुश, तुटलेला सेंटर बोल्ट किंवा सैल यू-बोल्ट, यांपैकी काहीतरी असणार. मात्र प्रत्येक खडखडीला बुशच जबाबदार असे धरू नका. किंगपिन, टायरॉडचे टोक, चाकाची बेअरिंग यांचाही आवाज असाच येतो. चाक उचलून वरखाली हलवून तेही पाहावे, नाहीतर बुश बदलूनही आवाज तसाच राहील आणि मिस्त्रीशी भांडण होईल.

बुश आणायला जाताना जुना बुश बरोबर न्या. नुसते "जीपचे द्या" म्हणून काम होत नाही, कारण तीन तऱ्हा आहेत. एक, बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये चिकटवलेले रबर, म्हणजे गॅरेजातला सायलेंट ब्लॉक. दुसरी, दोन बाजूंनी बसवायचे टोपीसारखे रबर. तिसरी, धातूचा बुश, ज्याला ग्रीसचे निप्पल असते. लष्करी जीपच्या जमान्यातले आट्यांचे शॅकल अजून कोणाकडे असतील तर सांभाळा, त्यांतल्या काहींना डावे आटे असतात. उलट्या दिशेने जोर लावून ते बिघडवलेली माणसे मी पाहिली आहेत. सायलेंट ब्लॉक घेताना आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा दोन्हीकडे किंचित लांब आहे ना, ते जुन्याशी ताडून पाहा. तशी नसेल तर बोल्ट आवळल्यावर आतली नळी पकडलीच जाणार नाही. आणि एका बाजूचे घेऊ नका. दोन्ही बाजूंचे, बोल्ट आणि नटांसह घ्या. खाल्लेल्या बोल्टावर नवा बुश घालणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे.

आता कामाकडे. आदल्या रात्री सर्व बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल, ते नसेल तर डिझेल सोडून ठेवा. सकाळी काम निम्मे झालेले असते.

जागेबद्दल थोडे कडक बोलतो. काळ्या रानात, नांगरलेल्या जमिनीत गाडी उचलू नका. जॅक खाली जातो आणि गाडी कलते. जॅकखाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा. गाडी उचलल्यावर चेसीखाली लोखंडी घोड्या लावा, घोड्या नसतील तर जाड लाकडी ठोकळे उभे-आडवे रचून त्यांवर चेसी टेकवा. विटा अजिबात नकोत. वीट वजनाखाली फुटते आणि फुटण्यापूर्वी काही सांगत नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, दोन मिनिटांचे काम असले तरी. लहान मुलांना त्या दिवशी अंगणाबाहेर ठेवा.

चेसी घोड्यांवर बसली की जॅक एक्सलखाली घ्या आणि त्याचा भार जरा उचला. जॅक थोडा वर, थोडा खाली करत राहिले की एका ठिकाणी बोल्टावरचा ताण जातो आणि बोल्ट हाताने फिरतो. घणाने ठोकण्याआधी हे करून पाहा. एका वेळी एकच बाजू सोडायची. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर एक्सल सरकतो आणि मग तो जागेवर आणताना पहार आणि शिव्या दोन्ही लागतात.

बोल्ट ठोकायचा असेल तर नट टोकाला आटे झाकतील एवढा ठेवूनच ठोका. आतल्या नळीला गंजून चिकटला असेल तर डोळा आणि ब्रॅकेटच्या फटीत हॅक्सॉ घालून दोन्हीकडून कापा. वेळ लागतो, पण गॅसने तापवण्यापेक्षा बरे. रबर जळाले की धूर भयंकर होतो आणि इंधनाची टाकी जवळ असते. बोल्ट निघाला की रबर कापून काढा. बाहेरची नळी डोळ्यातच अडकून बसते. तिच्यातून आरीचे पान ओवून नळी लांबीच्या दिशेने कापा, पण डोळ्याला चर पडू देऊ नका. मग छिन्नीने आत दुमडली की ती निघते.

रिकाम्या डोळ्याकडे नीट पाहा. पॉलिश पेपरने आतून साफ करा. तो गोल राहिला आहे की लांबट झाला? कडेला चीर आहे का? लांबट डोळ्यात नवा बुश महिनाभरही घट्ट राहणार नाही. चीर असेल तर मोठा पाटा बदलावाच लागेल. वेल्डिंग करून देतो म्हणणारा कोणीतरी भेटतोच, त्याला नमस्कार करून पुढे जा. पाट्याच्या पोलादाला दिलेले पाणी वेल्डिंगच्या उष्णतेने उतरते आणि पाटा तिथेच, शेजारच्या जागी तुटतो. आमच्या दादांना मोठा पाटा घ्यावाच लागला. उन्हाळ्यात बुशावर भागले असते.

नवा बुश हातोडीने थेट ठोकू नका. वाईस असेल तर एका बाजूला बुशाएवढा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला बुश आत शिरेल असा मोठा सॉकेट ठेवून दाबा. वाईस नसेल तर लांब बोल्ट, जाड वायसर आणि पाइपचा तुकडा यांनी नट आवळत आवळत बुश ओढून घेता येतो. रबराला साबणाचे पाणी लावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. आमच्या गॅरेजवाल्याने ग्रीस मारून आवाज दाबला आणि उरलेल्या रबराचेही वाटोळे केले. धातूच्या बुशाची गोष्ट निराळी. त्याला ग्रीस हवेच, निप्पलातून जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत.

आता सगळ्यात जास्त चुकते ती गोष्ट. सायलेंट ब्लॉक बोल्टावर फिरत नाही. आतली नळी बोल्टाबरोबर पक्की होते, बाहेरची डोळ्यात पक्की असते आणि हालचाल होते ती मधले रबर पिळून. गाडी घोड्यांवर असताना पाटा लोंबत असतो. त्याच स्थितीत नट पूर्ण आवळला आणि मग गाडी खाली घेतली, तर रबर उभ्या गाडीतही पिळलेले राहते. प्रत्येक खड्ड्यात त्याला आणखी पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. लोक म्हणतात हल्लीचा माल टिकत नाही. बऱ्याचदा माल बरा असतो, आवळण्याची वेळ चुकलेली असते. म्हणून नट नुसते लागू करून ठेवा, चाके चढवा, गाडी जमिनीवर घ्या, चार हात पुढे-मागे ढकला म्हणजे पाटा आपल्या जागी बसेल. मग गाडी चाकांवर उभी असतानाच, पुस्तकात दिलेल्या जोराने सर्व नट आवळा. खाली वाकून लांब पान्याने हे जमते, कपडे मात्र जुने घाला. स्प्लिट पिना नव्या घाला.

पाटा पूर्ण उतरवला असेल तर यू-बोल्टही नवे घ्यावेत. ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा तसे धरत नाहीत. पाटे बांधताना सेंटर बोल्टाचे डोके एक्सलवरच्या भोकात नीट बसले ना, ते बोटाने चाचपून खात्री करा. त्यानंतर पुढच्या चाकांचे टो-इन तपासून घ्यावे. एक्सल इतके दिवस तिरपा चालला असेल तर टायर एका बाजूने खाल्ले गेलेले असतातच.

पहिली चाचणी रिकाम्या, मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात घ्या. स्टेअरिंग हलके धरून ब्रेक दाबा आणि गाडी सरळ थांबते का पाहा. दोनशे किलोमीटर झाल्यावर बुशांचे आणि यू-बोल्टांचे सर्व नट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे, तेही गाडी चाकांवर असताना. दादांनी ते काम पुढच्या बाजाराच्या दिवशी, क्रेट उतरल्यावर, नारायणगावातच उरकले. एक यू-बोल्ट पाऊण फेरा आत गेला.