परदेशी निवृत्तीच्या हिशेबातला एक रकाना

गेल्या पावसाळ्यात एक परिचित जोडपे नेहमीच्या तपासणीसाठी आले. गृहस्थ चौपन्न वर्षांचे, वहिनी एक्कावन्नच्या. तपासणी आटोपल्यावर गृहस्थांनी पिशवीतून एक वही काढली. वर्षअखेरीस नोकरी सोडायची, पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि एखाद्या स्वस्त, शांत देशात जाऊन राहायचे, असा त्यांचा बेत होता. वहीत थायलंड, मलेशिया, पोर्तुगाल आणि मॉरिशस अशी चार नावे होती आणि प्रत्येकापुढे घरभाडे, किराणा, वीज यांचे आकडे नीट मांडलेले होते. औषधोपचाराच्या रकान्यात मात्र चारही ठिकाणी एकच शब्द होता : स्वस्त.

या गृहस्थांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला आहे. त्या एका रकान्यावर आम्ही तासभर बोललो. असा विचार करणारी कुटुंबे आता थोडी नाहीत, म्हणून ते बोलणे येथे मांडतो.

थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी निवृत्तांचा व्हिसा आहे. त्यासाठी बँकेत ८ लाख बाथ, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक रक्कम, किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते. बँकॉकमधील मोठी खासगी रुग्णालये उत्तम आहेत, याविषयी मला शंका नाही. परंतु या व्हिसाच्या ‘ओ-ए’ प्रकारासाठी २०१९ पासून आरोग्यविमा सक्तीचा झाला आहे आणि विमा कंपनी सर्वांत आधी पाहते ते वय व जुने आजार. मधुमेह आणि हृदयविकार वगळून दिलेली पॉलिसी व्हिसाच्या अर्जासोबत जोडता येईल. ज्या रात्री छातीत दुखू लागेल, त्या रात्री तिचा उपयोग होणार नाही. खासगी रुग्णालयाचे ते बिल मग स्वतःच्या ठेवींतून भरावे लागते. वहीतले घरभाडे त्यापुढे किरकोळ ठरते.

त्यांच्या मनात चियांग माई हे उत्तरेकडील शहर होते. तेथील थंडी सुखद असते. पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतातील अवशेष जाळल्याने आणि वणव्यांमुळे हवेत दाट धूर साठतो. दमेकऱ्यांनी आणि हृदयरुग्णांनी ते महिने तेथे काढू नयेत, असे मी स्पष्ट सांगितले. याच शहरात युरोपातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी निवासी केंद्रेही आहेत. शुश्रूषा मायेने होते, असे ऐकतो. पण हळूहळू शब्द विसरत चाललेल्या मराठी माणसाशी तेथे बोलणार कोण, हा प्रश्न उरतोच.

मलेशियात इंग्रजीवर निभावते. मात्र २००२ पासून चालू असलेल्या तेथील दीर्घ निवासाच्या योजनेचे नियम २०२१ मध्ये एकदम कडक झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा बदलले. आता नेहमीच्या श्रेणींतील सर्वांत खालच्या श्रेणीलाही दीड लाख डॉलरची ठेव लागते, शिवाय घर विकत घ्यावे लागते. हे स्वस्ताईच्या यादीत बसत नाही, म्हणून ते नाव आम्ही तेथेच खोडले.

पोर्तुगालची अट वरकरणी सोपी दिसते. पेन्शन, भाडे अशा नियमित उत्पन्नाची किमान मर्यादा तेथील किमान वेतनाइतकी, म्हणजे २०२५ साली एका व्यक्तीस दरमहा ८७० युरो होती. जोडीदारासाठी त्यात निम्म्याची भर. रहिवासी झाल्यावर सरकारी आरोग्यसेवेचे दार उघडते. पण त्या सेवेत कुटुंबवैद्यांची मोठी टंचाई आहे. शिवाय जुन्या घरांना पुष्कळदा लिफ्ट नसते, हिवाळ्यात घरे गार व दमट राहतात आणि लिस्बन तर चढउतारांचेच गाव. वहिनींच्या गुडघ्यांचे एक्स-रे मी पाहिले आहेत.

मॉरिशसविषयी दोघांनाही ओढा होता. कोकणातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आहेत, शाळांत मराठी शिकवली जाते. पण बेट लहान आहे आणि गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी तेथील रुग्ण अनेकदा भारतातच पाठवले जातात!

खरा धोका मला वेगळाच दिसला. “तिकडे राहायचे तर इथला मेडिक्लेम कशाला भरायचा?” असे गृहस्थ सहज म्हणाले. सर्वसाधारण मेडिक्लेम भारताबाहेरील उपचारांना लागू नसतो, हे खरे. तरीही पॉलिसी एकदा खंडित झाली, की परतल्यावर नवी घेताना जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ नव्याने मोजला जाऊ शकतो, किंवा अर्जच नाकारला जातो. आजारी पडल्यावर परतणारे बहुतेक जण नेमके तेव्हाच परततात. सत्तरीनंतर आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते, तेही येथेच. पैशांचे इतर बदल, उदाहरणार्थ अनिवासी झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे पैसे गुंतवता येत नाहीत, हे मी त्यांना सनदी लेखापालांकडून समजून घ्यायला सांगितले. यजमानांच्या व्हिसावर राहणाऱ्या पत्नीचे त्यांच्या पश्चात काय होईल, हेही अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. मी विचारले, “आई कुठे असतात आता?” सासूबाई एक्क्याऐंशीच्या, साताऱ्याला धाकट्या मुलाकडे. मागच्या वर्षी त्यांचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा दीड महिना वहिनींनीच सारे केले. “वहीत त्यांचे नाव नाही,” त्या म्हणाल्या. गृहस्थांनी वही मिटली.

पंधरा दिवसांनी दोघे परत आले. नोकरी सोडण्याचा बेत कायम आहे. फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. नोव्हेंबर ते जानेवारी चियांग माईला राहून पाहायचे, त्या काळात धाकट्या दिरांकडे सातारला एक पूर्णवेळ मदतनीस ठेवायची आणि तिचा पगार यांनी द्यायचा, असे ठरले आहे. जुने आजार समाविष्ट असलेला प्रवासविमा ते शोधत आहेत. मी औषधांची चिठ्ठी ब्रँडऐवजी मूळ घटकांच्या नावांनी लिहून दिली, कारण येथली ब्रँडनावे तिकडच्या औषध दुकानदाराला कळत नाहीत. वहिनींच्या झोपेच्या गोळ्यांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र दिले. अशा औषधांबाबत अनेक देशांचे कायदे कडक आहेत. मेडिक्लेमचा हप्ता भरल्याची पावती मात्र मी मागून पाहिली.