मुंबईचा उतार रत्नागिरीपासून

दक्षिणेकडून मुंबईला निघालेलं विमान रत्नागिरीच्या आसपास आलं की वैमानिकाला उतरण्याचा विचार सुरू करावा लागतो. हिशेब सोपा आहे. 35 हजार फुटांवरून 3 अंशांच्या उतारानं खाली यायला सुमारे 200 किलोमीटर लागतात आणि रत्नागिरी ते मुंबई हवाई अंतर सव्वादोनशेच्या पुढे आहे. वाट मोकळी असेल तर इंजिनं अगदी मंद ठेवून, घाट उतरणाऱ्या गाडीसारखं, विमान एकसलग खाली येतं. इंधन वाचतं, खालच्या वस्तीला आवाजाचा त्रासही कमी होतो.

पण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. त्यात वारा पश्चिमेचा असला की उतरायचं घाटकोपरच्या बाजूनं, म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्याला वळसा आलाच. गर्दीत विमानाला मध्येच एका उंचीवर रोखतात, घिरट्या घालायला लावतात. खालच्या दाट हवेत हे फार महाग पडतं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनंच सांगितलं, की 40 मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे 1.7 किलोलिटर इंधन जळतं. एक किलो इंधनामागे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका विमानाचा धूर चार टनांवर जातो! तेव्हा गर्दीच्या वेळची ये-जा तासाला 46 वरून 44 वर आणली गेली.

थांबणं टळत नसेल तर थांबायचं कुठे, हा मला कळीचा प्रश्न वाटतो. रत्नागिरीच्या वर, पूर्ण उंचीवर वेग थोडा उतरवला तर काही मिनिटं तिथेच जिरतात. त्याहून चांगलं म्हणजे कोचीच्या किंवा बंगळुरूच्या जमिनीवर, इंजिन सुरू होण्याआधीच थांबणं. दिल्लीचं हवाई वाहतूक प्रवाह नियंत्रण केंद्र हेच साधू पाहतं : मुंबईत उतरायला जागा कधी मिळेल ते पाहून तिकडे उड्डाणाची वेळ द्यायची. दार बंद करून बसवून ठेवलेल्या प्रवाशाला राग येतो, पण ती वीस मिनिटं आकाशातल्या वीस मिनिटांपेक्षा कितीतरी स्वच्छ असतात.

डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागली. धावपट्टी वाढली, आकाश मात्र तेवढंच. दोन विमानतळांच्या वाटा एकमेकींपासून उंचीनं किंवा अंतरानं अलग ठेवाव्याच लागतात.  दक्षिणेला रत्नागिरीहून आणि गोव्यातल्या दाबोळीहूनही प्रवासी वाहतूक वाढेल तेव्हा वर चढणाऱ्या विमानांना मुंबईकडे उतरणाऱ्या याच रांगेतून वाट काढावी लागेल. ती वाट आताच आखायला हवी.