चार जाड तारांचं वाद्य



एका गटाकडून आम्हाला प्रश्न आला आहे. त्यांच्यातल्या एका ताईंची मुलगी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवते. हळदी, नवरात्र, गावोगावच्या यात्रा असे कार्यक्रम असतात. आजवर ती मागून आणलेल्या वाद्यावर वाजवत होती, आता स्वतःचं घ्यायचंय आणि त्यासाठी ताईंनी गटाकडे कर्ज मागितलंय. गटात दोन मतं पडली. काही जणी म्हणतात, सहा तारांची गिटार स्वस्तात मिळते, मग चार तारांच्या वाद्याला जास्त पैसे का मोजायचे? काही म्हणतात, द्यायचेच तर भारी लाकडाचं, मोठ्या कंपनीचं घ्या. "पैसा कशात जातो आणि आवाज कशातून येतो, एवढं सांगा," असं त्यांनी कळवलंय. शिवणयंत्राला कर्ज देताना आपण मोटर बघतो, पाय बघतो, तसंच हे. चला, बघू.

बास गिटारचं काम काय, ते भजनातल्या बायकांना पटकन कळेल. पखवाजाची डावी बाजू बंद ठेवून नुसती उजवी वाजवली तर भजन चालतं, पण त्याला बूड राहत नाही. ती धूम लागली की मग सगळं जमिनीवर टेकतं. ऑर्केस्ट्रात ते टेकवायचं काम बास गिटारचं. ती वाजतेय हे कुणाच्या लक्षात येत नाही, थांबली की मात्र काहीतरी गेलं असं वाटतं.

आता हा खालचा सूर निघतो कसा? तार सेकंदाला जितक्या कमी वेळा थरथरेल, तितका सूर खाली. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. बासची त्याच्या बरोबर निम्मी, म्हणजे ४१ वेळा. तार मंद करायचे तीन उपाय: ती लांब करा, सैल करा किंवा जड करा. तुणतुणं वाजवणारा तार सैल-ताठ करून सूर हलवतो, ते आपण पाहिलेलंच आहे. पण फार सैल तार लोंबायला लागते, म्हणून बास गिटारमध्ये लांबी वाढवली. साध्या गिटारची तार सुमारे ६५ सेंटिमीटर, तर नेहमीच्या बासची ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर असते. राहिलेलं काम वजनाने केलं.

इथे एक गंमत आहे. नुसती जाड तार घेतली तर ती सळईसारखी वागते, मोकळी झुलतच नाही. म्हणून आत पोलादाची बारीक तार ठेवून तिच्यावर दुसरी तार गुंडाळतात. वजन वाढतं आणि लवचिकपणाही राहतो. पखवाजाच्या धुमेला ओली कणीक थापतात, तीही याचसाठी. कातडं तेच, पण वजन आलं की आवाज खाली उतरतो. बासच्या तारा महाग का, त्याचं उत्तर या गुंडाळणीत आहे. आणि साध्या गिटारला जाड तारा लावून बास होत नाही, तेही यातच आलं. तिची लांबी कमी पडते आणि दांडी तेवढ्या ताणासाठी बनवलेली नसते.

हे वाद्य फार जुनं नाही. पूर्वी अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत माणसाएवढा उंच, उभा धरून वाजवायचा बास असे. गाडीच्या टपावर बांधून न्यायचा आणि ढोल-कर्ण्यांच्या गलक्यात तो ऐकूही यायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचा माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. (आमच्या केंद्रातल्या तंत्रज्ञ मुलीला हे फार आवडलं.) त्याने १९५१ साली गळ्यात अडकवायची, विजेवर चालणारी बास बाजारात आणली. दांडीवर पडदे बसवले, म्हणजे बोट ठेवलं की सूर अचूक लागायचा. म्हणून नावही प्रिसिजन, म्हणजे अचूक. आज बाजारातल्या बहुतेक बास याच ठेवणीच्या असतात.

हिचं अंग भरीव लाकडाचं असतं. पोकळ भोपळा नाही की पेटी नाही. मग आवाज येतो कुठून? तारांच्या खाली पिकअप नावाची एक डबी असते. तिच्यात लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते. पाण्याच्या मोटरचं वाइंडिंग जळाल्यावर दुकानात उघडून दाखवतात ना, तीच जात, फक्त फार नाजूक. ही वीज अँपमध्ये मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर येते. म्हणून तार बोटाने छेडली तरी अँप बंद असताना बास जवळजवळ मुकी असते.

या डबीबद्दल गटाने एक गोष्ट जरूर विचारावी. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. आजूबाजूच्या वायरी, लायटिंग, जनरेटर यांची ती गुणगुण पिकअप पकडतो आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो. बासच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर ४९चा आहे. म्हणजे ही गुणगुण नेमकी बासच्या सुरांत येऊन बसते. फेंडरने १९५७ साली पिकअपचे दोन तुकडे केले, दोन तारांसाठी एक आणि उरलेल्या दोन तारांसाठी दुसरा, आणि त्यांचे वेढे एकमेकांच्या उलट ठेवले. दोन्हींत आलेली विजेची गुणगुण एकमेकींना खोडते, तारांचा आवाज मात्र राहतो. १९६० साली त्यांनीच जॅझ बास नावाची दोन पिकअपची, अरुंद दांडीची बास काढली. तिचा आवाज जास्त टोकदार आणि दोन पिकअप कमीजास्त करून बदलता येतो. पण एकच पिकअप पूर्ण उघडा ठेवला की गुणगुण येते. मंडपात वाजवणाऱ्या मुलीसाठी आमचं मत तुकड्यांच्या पिकअपकडे जातं.

आता आवाजाचा रंग. इथे लाकडाची चर्चा करणारे भेटतील. दुकानदार तर हमखास. भरीव अंगाच्या वाद्यात लाकडाने थोडाफार फरक पडत असेल, पण त्याच्या आधी चार गोष्टी येतात: तार कुठली, ती कुठे छेडली, कशाने छेडली आणि तिला किती दाबलं.

कपडे वाळत घालायची दोरी मधोमध ओढून सोडा, मोठा झोका घेते. खुंटीजवळ ओढून सोडा, नुसती थरथरते. तारेचंही तसंच. दांडीकडे छेडली तर गोल, भरलेला आवाज. घोडीजवळ छेडली तर कडक आणि बारीक. चार बोटं हात सरकवला की जणू दुसरं वाद्य. याला एक पैसा लागत नाही.

तारांत मुख्य दोन जाती. एकीवर गोल तार गुंडाळलेली असते. ती हाताला खरखरीत आणि नवी असताना आवाज झणझणीत. दुसरीवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. ती गुळगुळीत, आवाज मऊ आणि गोल, किंमत जास्त. पण ती वर्षानुवर्षं चालते, उलट जुनी झाली की काहींना जास्त आवडते.

दोन वाजवणाऱ्यांची उदाहरणं सांगतो. डेट्रॉइट शहरात मोटाउन नावाच्या कंपनीच्या गाण्यांवर जेम्स जेमर्सन बास वाजवायचा. प्रिसिजन बास, चपट्या तारा, त्याही तुटेपर्यंत न बदललेल्या, घोडीपाशी स्पंजचा तुकडा आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. आवाज मऊ, जुन्या उभ्या बासच्या जवळचा. दुसरी लॉस एंजेलिसची कॅरोल के. जन्म १९३५चा. ती मुळात जॅझची गिटारवादक. मुलं आणि आई यांना पोसायचं होतं म्हणून तिने स्टुडिओतली कामं धरली. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बासवाला आला नाही, म्हणून तिच्या हातात बास आली, ती कायमची. पुढे हजारो रेकॉर्डिंग झाली. तेव्हा त्या स्टुडिओंमध्ये वादक जवळपास सगळे पुरुषच असत. तिचीही प्रिसिजन बास आणि चपट्या तारा. पण ती बोटाऐवजी पिकने, म्हणजे प्लॅस्टिकच्या चपट्या तुकड्याने वाजवायची आणि घोडीजवळ नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी तारांवर ठेवायची. पट्टीमुळे सूर लांबत नाही, एकात एक मिसळत नाही. पिकमुळे प्रत्येक सुराला टक्क अशी सुरुवात मिळते. एकाच ठेवणीचं वाद्य, एकाच जातीच्या तारा, आणि आवाजात केवढा फरक! फरक पडला तो बोटाचा, पिकचा आणि लोकरीच्या तुकड्याचा. आपल्याकडे घोंगडीचा तुकडा चालेल. करून बघायला हरकत नाही.

ते टक्क का महत्त्वाचं, ते आता सांगतो. तुम्ही आम्हाला छोट्या रेडिओवर किंवा मोबाइलवर ऐकत असाल. त्यातला स्पीकर रुपयाच्या नाण्याएवढा. बासचा ४१चा सूर त्यातून जवळजवळ येतच नाही, कारण खालच्या सुराला खूप हवा ढकलावी लागते. हवेतली त्याची एक लाट सुमारे ८ मीटर लांब असते. तरी तुम्हाला बास ऐकू येते, ती कशी? एक सूर वाजला की त्याच्याबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे सूरही वाजत असतात, म्हणजे ८२, १२३, १६४. छोट्या स्पीकरमधून हे वरचे बाहेर येतात आणि त्यांच्यातलं अंतर ओळखून आपला कान खालचा नसलेला सूर स्वतःच भरून घेतो. पिक आणि घोडीजवळची छेड वरचे सूर वाढवतात, म्हणून तसा वाजवलेला बास रेडिओवर उठून दिसतो. उलट मोठ्या स्पीकरवर तोच कधी कडक वाटतो.

मंडपात मात्र कानावर भिस्त ठेवून चालत नाही. तिथे १०, १२ किंवा १५ इंची स्पीकर आणि ताकदीचा अँप लागतो. साध्या गिटारच्या अँपला बास जोडून आवाज वाढवला तर स्पीकरचा पडदा फाटू शकतो, हे मुलीला बजावून सांगा. पण गटाने मोठ्या अँपसाठी कर्ज देऊ नये असं आम्हाला वाटतं. घरी सरावाला १५-२० वॅटचा छोटा बास अँप पुरतो. कार्यक्रमात साउंडवाल्याकडे मोठे स्पीकर असतातच. डीआय बॉक्स नावाची हातात मावणारी एक डबी घ्यावी. ती बासचा आवाज नीट करून सरळ मिक्सरला देते. तिने टेम्पोचं भाडंही वाचतं.

वाद्य निवडताना दांडीकडे बघा. एका डोळ्याने, बंदूक रोखल्यासारखं, खुंट्यांकडून घोडीकडे पाहायचं. किंचित बाक असावा, पीळ नसावा. चारही तारांचा मिळून ताण माणसाच्या वजनाहूनही जास्त असतो, म्हणून दांडीच्या आत लोखंडी सळई घातलेली असते. ती चावीने फिरते का ते दुकानात तपासून घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि ही सळई थोडी फिरवावी लागते. दांडीवरची पट्टी पुष्कळदा आपल्याकडच्याच शिसवीची असते. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा. घरघर आली तर तारा फार खाली आहेत किंवा पडदे वरखाली झालेत. तंबोऱ्यात घोडीवर तार घासून मुद्दाम जवारी काढतात, इथे पडद्यावरची घरघर हा दोष समजतात.

मुलगी आहे म्हणून आखूड बास घ्या, असं कुणी सुचवेल. ३० इंची बास मिळते, तिचा आवाज जास्त गोल, थोडा ढिला असतो. तो आवाज हवा असेल तर जरूर घ्या. हात लहान म्हणून नको. मुंबईची मोहिनी डे लहानपणापासून बास वाजवते. वडीलही बासवादकच. ए. आर. रहमान यांच्यासोबत तिने जगभर वाजवलंय. वजन मात्र बघा. साडेतीन ते साडेचार किलो खांद्यावर घेऊन तीन तास उभं राहायचं असतं. रुंद पट्टा घ्यावा. काही बासमध्ये बॅटरी असते. तिने आवाज वाढवता-घटवता येतो, पण वायर खोचून ठेवली की बॅटरी उतरत राहते आणि ऐन कार्यक्रमात वाद्य गप्प होतं. पहिल्या वाद्याला बिनबॅटरीची बरी.

आता पैशांचं. मधल्या किमतीचं, सरळ दांडीचं वाद्य. एक तारांचा जादा संच, जमल्यास चपटा. छोटा अँप, डीआय बॉक्स, दोन चांगल्या वायरी, कडक पेटी. आणि वाद्य घेतल्यावर जाणकाराकडून तारांची उंची लावून घ्यायचे पैसे. ते कर्जातच धरा. भारी लाकूड आणि मोठं नाव यांसाठी आत्ता थांबलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र वाद्याच्या आवाजाइतकीच नीट ऐका. बासच्या तारा आतून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यामुळे गुणगुण कमी होते. मंडपात अर्थिंग नसेल आणि अँपमध्ये बिघाड असेल, तर वीज तारांवर येऊ शकते. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, तो जिवावरही बेतू शकतो. म्हणून तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन मोडून दोन भोकांत घुसवायची नाही. मंडपवाल्याला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते विचारायचं. पाच मिनिटं आधी जाऊन, टेस्टरने माइक आणि तारा तपासायच्या. टेस्टर मुलीच्या पेटीत कायम असू द्या. तोही खर्चाच्या यादीत लिहा.