पेन्सिलीनं धरलेल्या खुर्च्या

नाट्यगृहाची तिकीट खिडकी सकाळी साडेआठला उघडते. पण रविवारच्या प्रयोगाचा प्लॅन लागायचा असतो त्या दिवशी आतलं काम त्याआधीच सुरू झालेलं असतं. प्लॅन म्हणजे प्रेक्षागृहाचा छापील नकाशा. वर नाटकाचं नाव, तारीख आणि वेळ. खाली ए, बी, सी अशा रांगा आणि रांगांमध्ये आकडे घातलेले चौकोन. मुंबईच्या उपनगरातल्या एका नाट्यगृहात बुकिंग सांभाळणाऱ्या काकांच्या शेजारी मी स्टूल ओढून बसले होते. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत त्यांनी बऱ्याच चौकोनांवर पेन्सिलीनं बारीक अक्षरं टाकली होती. विकलेल्या खुर्चीवर शाई, राखलेल्या खुर्चीवर पेन्सिल, हा त्यांचा नियम.

बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ही पेन्सिल दिसत नाही. ‘आत्ता तर खिडकी उघडली आणि चौथी रांग संपली कशी?’ हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. उत्तर त्या अक्षरांत असतं. ‘नि’ म्हणजे निर्मात्याच्या खुर्च्या. ‘क’ म्हणजे कलाकारांच्या. नटाची आई, नटीचे शेजारी, कुणाचे तरी डॉक्टर त्यांत बसतात. ‘ना’ म्हणजे नाट्यगृहाच्या. शुभारंभाचा प्रयोग असला की समीक्षक आणि वार्ताहर वाढतात. काही चौकोनांवर मात्र सरळ फुली होती. नेपथ्याची एक भिंत या नाटकात जरा पुढे येते, त्यामुळे अगदी कडेच्या दोन-तीन खुर्च्यांवरून मंचाचा कोपरा दिसत नाही. ‘तिथे बसवलं तर मध्यंतरात माणूस माझ्याकडेच येणार,’ काका म्हणाले. गाण्याचा कार्यक्रम असेल आणि ध्वनिव्यवस्थेचा मिक्सर प्रेक्षागृहात मांडायचा असेल, तर मागच्या बाजूच्या काही खुर्च्या त्याच्यापायीही जातात.

राखीव खुर्च्यांबद्दल प्रेक्षकांच्या मनात अढी असते, पण त्या ठेवल्याशिवाय गाडा चालत नाही. ऐन वेळी खुर्ची मोडकी निघते, चुकीची तिकिटं हातात पडलेलं कुटुंब दारात येतं, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या आजींना पायऱ्या उतरवत नाहीत. अशा वेळी हाताशी दोन-चार खुर्च्या नसतील, तर व्यवस्थापकाला हात जोडून उभं राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

प्रश्न आहे तो किती राखायच्या आणि कधी सोडायच्या, हा. खुर्ची हा नाशवंत माल. पडदा उघडला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. 2018 च्या जानेवारीत ही मर्यादा 250 वरून 500 वर गेली. त्यामुळे बऱ्याच मराठी नाटकांचा वरचा दर तिथेच थांबलेला दिसतो. त्या दराच्या दहा खुर्च्या ‘साहेब येणार आहेत’ म्हणून अडवल्या आणि साहेब आले नाहीत, तर 5,000 रुपये गेले. नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाईट, टेम्पोचा खर्च यांतला एक पैसाही त्यामुळे कमी होत नाही.

खिडकी उघडली आणि दुसरीच कला दिसू लागली. एक बाई म्हणाल्या, ‘काका, तीन द्या, मधल्या.’ एफ रांगेत ऐन मधल्या चार खुर्च्या मोकळ्या होत्या. काकांनी त्या दाखवल्याच नाहीत. ‘ताई, जी रांगेत एकदम मधल्या तीन आहेत बघा, समोर आडवं काही येत नाही,’ असं म्हणून त्यांनी तिकिटं फाडली. चारांतल्या तीन दिल्या असत्या तर एक उरली असती, आणि नाटकाला एकटं येणारं माणूस क्वचित. थोड्या वेळानं चौघांचं कुटुंब आलं आणि एफ रांग भरली. एकेक सुटी खुर्ची मागे ठेवत गेलं की संध्याकाळी प्लॅनवर चाळीस जागा दिसतात आणि जोडी मात्र एकही सापडत नाही. काही ॲप खरेदीदाराला मध्ये एकच खुर्ची सोडू देत नाहीत, त्यामागे हाच हिशेब आहे. फरक इतकाच, की काका तो हिशेब करता करता ताईंना खूशही करतात.

मग फोन. ‘अमुक बोलतोय, चार ठेवा, संध्याकाळी येतो.’ पेन्सिल. ओळखीच्या आवाजाला काका नाही म्हणत नाहीत, पण प्रत्येक नावापुढे मुदत घालतात: ‘शनि. संध्या.’ किंवा ‘प्र. आधी अर्धा तास’. ही सवलत कुणाला द्यायची याचं खातं त्यांच्या डोक्यात असतं. सांगून न येणाऱ्याला पुढच्या वेळी त्यांच्याकडून ‘बघतो हं’ एवढंच ऐकायला मिळतं.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण, त्यामुळे ॲपवर खुर्ची धरण्याची रीत चटकन कळते. फक्त तिथला रुमाल काही मिनिटांत आपोआप उडतो. पडद्यावर खुर्ची निवडून पैसे भरायला पुढे गेलात, की ती इतरांना राखाडी दिसू लागते. संगणकाच्या लेखी खुर्चीच्या तीन अवस्था: मोकळी, धरलेली, विकलेली. ‘धरलेली’पुढे वेळ लिहिलेली असते. तेवढ्यात पैसे आले तर विकली, नाही आले तर मोकळी. दोघांनी एकदमच बोट ठेवलं, तरी नोंद एकाचीच व्हावी लागते आणि दुसऱ्याला तत्काळ ‘दुसरी निवडा’ असं सांगावं लागतं. खरी गोची उशिरा पोचलेल्या पैशांची. यूपीआय अडकलं, मुदत संपली, खुर्ची सुटून दुसऱ्यानं घेतली, आणि मग पहिल्याचे पैसे येऊन धडकले. अशा वेळी पैसे परत करण्यावाचून गत्यंतर नसतं.

मुदत किती ठेवायची यालाही दोन बाजू आहेत. कमी ठेवली तर चष्मा शोधून ओटीपी टाकणाऱ्या आजोबांची खुर्ची हातची जाते. जास्त ठेवली तर नुसतं चाळून बघणारे लोकच निम्मं प्रेक्षागृह अडवून बसतात. सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री उघडली तेव्हा लाखो लोक ऑनलाइन रांगेत उभे होते. एवढ्या लोकांना एकदम आत सोडलं, तर सगळ्या जागा धरलेल्या दिसतील आणि बाकीच्यांची नुसती झटापट होईल. म्हणून मोठ्या विक्रीत आधी रांग लावतात आणि थोडे थोडे लोक आत घेतात. तिकीट खिडकीसमोर लोखंडी कठडे लावतात, तेही याचसाठी.

या नाट्यगृहात कागद आणि ॲप दोन्ही चालतात. काही रांगा ॲपला दिलेल्या, बाकीच्या खिडकीला. प्रयोगाच्या दिवशी ठरावीक वेळी ऑनलाइन विक्री बंद होते, विकल्या गेलेल्या जागांची यादी छापून येते आणि काका ती एकेक करून शाईनं प्लॅनवर चढवतात. न विकलेल्या खुर्च्या खिडकीकडे परत येतात. हे चालू असताना खिडकीवर कुणी कितीही घाई केली, तरी काका मान वर करत नाहीत. यादीतली एक ओळ नजरेतून सुटली, तर एका खुर्चीवर दोन माणसं आली म्हणून समजा. विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकू शकतात, रेल्वेत प्रतीक्षायादी असते. नाटकाला यांतलं काहीच चालत नाही.

तरीही एकाच नंबरवर दोन जोडपी आलीच. डोअरकीपरनं विजेरी तिकिटावर धरली आणि खुर्चीच्या नंबराआधी वेळ वाचली. एका जोडप्याकडे दुपारी चारचं तिकीट होतं आणि वाजले होते रात्रीचे साडेआठ. दुपारचा प्रयोग केव्हाच संपला होता. नियमानं त्यांना काहीच देणं लागत नव्हतं, पण ‘ना’ लिहिलेल्या दोन खुर्च्या अजून रिकाम्या होत्या, त्या त्यांच्या कामी आल्या.

सोडण्याचं वेळापत्रक घंटांवर बेतलेलं असतं. प्रयोगाच्या अर्धा तास आधी फोनवाल्यांची मुदत संपते आणि काकांचं खोडरबर चालू लागतं. पहिल्या घंटेच्या सुमारास कलाकारांकडून निरोप येतो, ‘माझ्या दोन सोडा.’ दुसऱ्या घंटेला निर्मात्याच्या खुर्च्यांचा निकाल लागतो. ‘काही उरलंय का?’ म्हणत खिडकीशी घुटमळणाऱ्यांना याच वेळी चांगल्या रांगा मिळतात. जाणकार नाट्यवेडे हे ओळखून असतात. तिसऱ्या घंटेनंतर राखीव असं काही उरू नये, असा काकांचा आग्रह. तो दर वेळी पाळला जातो असं नाही. बाहेर ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड आणि आत पहिल्या रांगेत पाच रिकाम्या खुर्च्या, हे दृश्य रंगमंचावरून नटांना स्पष्ट दिसतं आणि ते त्यांना लागतं.

हे सगळं जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं. खुर्ची राखायला ओळख पुरते; ती वेळेवर सोडायला धाक आणि शिस्त लागते. ज्या नाट्यगृहात खुर्ची धरताना तिची मुदतही लिहिली जाते, तिथे वशिल्यालाही मर्यादा पडते आणि रांगेतल्या माणसालाही न्याय मिळतो. निर्माते आणि नाट्यगृहांनी राखीव खुर्च्या किती आणि त्या कधी सुटतात, हे खिडकीवर लिहून लावायला हरकत नाही. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

उरलेली निम्मी आपल्या हातात आहेत. फोनवर खुर्च्या ठेवायला सांगितल्यात आणि बेत बदलला, तर तसा फोन करा. ॲपवर नुसतं बघायचं असेल तर पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊ नका. पास मिळाला असेल आणि जमत नसेल, तर दुपारीच कळवा. आणि तिकिटावरची तारीख-वेळ घरातून निघण्यापूर्वी एकदा वाचा.