पत्र्याखालचं लाकूड

फोर्डच्या सरकत्या जुळणी पट्ट्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: 1913 साल, हायलँड पार्कचा कारखाना, आणि साडेबारा तासांचं चॅसीचं काम काही महिन्यांत दीड तासावर. बॉडी या गोष्टीत अगदी शेवटी येते. एका प्रसिद्ध छायाचित्रात ती लाकडी घसरगुंडीवरून खाली उतरताना दिसते, खाली चॅसी तयार उभी. तिथवर पोचेपर्यंत तिचं काय काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. खरा खोळंबा तर तिथेच होता.

कारण बॉडी हे सुताराचं काम. ॲशसारख्या चिवट लाकडाचा सांगाडा आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. बग्गी बांधणाऱ्यांचीच ही विद्या. सांधे ढिले झाले की गाडी करकरायची. फोर्डने पुढे आयर्न माउंटनला स्वतःची लाकूडगिरणीच घातली आणि उरलेल्या ढलप्यांचा कोळसा करून विकला. तो अमेरिकेत ‘किंग्सफर्ड’ नावाने आजही मिळतो.

रंगकाम त्याहून रखडायचं. वार्निशचा एक हात वाळला की घासायचा, मग दुसरा. चांगल्या गाडीला यात आठवडे जात. फोर्डचे कामगार नळीने काळा रंग बॉडीवर ओघळत सोडत. दिसायला ओबडधोबड, पण काम उरकायचं. 1924च्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँटचा ‘ड्यूको’ लॅकर आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. माझ्या मते मोटारीच्या इतिहासात पट्ट्याइतकंच मोल या डब्यातल्या रंगाचं आहे.

फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडने 1914मध्येच डॉज बंधूंसाठी पोलादी बॉडी बनवायला घेतल्या होत्या, पण त्या उघड्या गाड्यांच्या. 1919मध्ये अमेरिकेत दहातली जेमतेम एक गाडी बंदिस्त असे. 1927पर्यंत प्रमाण 85 टक्क्यांवर गेलं आणि छताचा प्रश्न उभा राहिला. तेवढा रुंद पत्राच मिळत नसे, म्हणून मधोमध कापड ताणून बसवत. जनरल मोटर्सचं सलग पोलादी छत आलं 1935च्या गाड्यांवर. आपल्याकडे शिवडीला त्यांचा जुळणी कारखाना 1928मध्ये सुरू झाला, तेव्हा शेव्हरोलेच्या पत्र्याखाली लाकूडच होतं.

पोलाद आलं तरी हातकाम सुटलं नाही. पत्र्यांच्या सांध्यात वितळतं शिसं भरायचं, लाकडी थापीने पसरायचं, मग कानशीने सपाट करायचं. त्या शिशाची धूळ कामगारांच्या फुफ्फुसात जायची.

सुताराची जागा आता दाबयंत्रांच्या साच्यांनी घेतली होती. हे साचे अवजड, महाग आणि मोजक्याच ठिकाणी. कामगारांनी नेमकं हेच हेरलं. 30 डिसेंबर 1936ला जनरल मोटर्सच्या फ्लिंटमधल्या फिशर बॉडी कारखान्यातून साचे हलवताहेत, अशी बातमी फुटली. कामगार आतच ठाण मांडून बसले, ते 44 दिवस. 11 फेब्रुवारीला जनरल मोटर्सने युनियनशी करार केला.