पटकथेची लॉगलाइन : स्वरूप आणि मराठीतील लेखन

प्रस्तावना :

माध्यमांसाठी लेखन हा विषय महाविद्यालयीन मराठीच्या अभ्यासक्रमात रुळला, तसे आपले विद्यार्थी कथा-कवितेबरोबर पटकथाही लिहू लागले. त्यांच्या संहिता वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. साठ पृष्ठे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुझा चित्रपट कशाविषयी आहे?’ असे विचारले, तर तो दहा मिनिटे बोलतो आणि तरीही उत्तर हाती लागत नाही. निर्मात्याकडे वा स्पर्धेच्या निवड समितीकडे ही दहा मिनिटे नसतात. संहिता उघडली जाईल की नाही, हे बहुधा तिच्या लॉगलाइनवरच ठरते. म्हणून या छोट्या लेखनप्रकाराची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

लॉगलाइन म्हणजे पटकथेचे एका वा दोन वाक्यांतले मर्म. मुख्य पात्र कोण, त्याच्यावर कोणता प्रसंग ओढवतो, त्याला काय साधायचे आहे, आड काय येते आणि न साधल्यास काय गमवावे लागेल, एवढे तिच्यातून कळावे. शेवट सांगू नये. पात्राच्या नावापेक्षा त्याची ओळख महत्त्वाची. ‘केशव’ म्हटल्याने काही कळत नाही, ‘कोकणातील वृद्ध आजोबा’ म्हटल्याने बरेच कळते. चित्रपट व्यवसायात ‘वन लाइन ऑर्डर’ नावाचा दृश्यक्रमाचा तक्ता असतो, त्याच्याशी लॉगलाइनची गल्लत होऊ नये. जाहिरातफलकावरील चटकदार ओळ हीसुद्धा लॉगलाइन नव्हे.

विषय आणि कथा :

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ हा २००४ साली प्रदर्शित झालेला चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला याच चित्रपटाने मिळवून दिला. विद्यार्थ्यांना याची लॉगलाइन लिहावयास सांगितली असता बहुतेक जण लिहितात : ‘डोळ्यांचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलाची हृदयस्पर्शी कथा.’ हे वाक्य खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. आजार हा विषय झाला, कथा नव्हे. ‘हृदयस्पर्शी’ हा तर लेखकाने स्वतःलाच दिलेला अभिप्राय होय, तो वाचकावर सोडावा.

आता असे लिहून पाहू : ‘नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे शहरातील डॉक्टरांकडून कळल्यावर कोकणातील वृद्ध आजोबांपुढे दोन कामे उरतात : शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला सत्य सांगणे आणि डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवणे.’ येथे कथा मुलाकडून आजोबांकडे सरकली. दुःख मुलाचे असले तरी निर्णय आजोबांचा आहे, आणि पटकथा निर्णय घेणाऱ्याच्या पाठोपाठ चालते. काळाची मर्यादाही आपोआप आली. लॉगलाइन लिहिताना लेखकाला आपली कथा नेमकी कोणाची हे ठरवावे लागते, हा तिचा खरा उपयोग. निर्मात्याचे मन वळणे त्यानंतरचे. म्हणूनच ती संहिता पूर्ण झाल्यावर नव्हे, तर आधी लिहावी, असे माझे मत आहे.

शेवट सर्वांना ठाऊक असला तरी अडत नाही. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली तयार होणार, हे प्रेक्षक जाणूनच असतो. लॉगलाइनचा ताण येथे ‘होईल का’ यात नसून घरातील चीजवस्तू विकणाऱ्या, तारामतीसाठी स्त्री न मिळणाऱ्या माणसाकडून ‘होईल कसे’ यात असतो.

मराठी वाक्याची अडचण :

इंग्रजी पुस्तकांतील नमुने जसेच्या तसे मराठीत उतरवू जाता वाक्य धापा टाकू लागते. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि विशेषणे नामाच्या आधी. ‘नोकरी गेलेल्या, मुलीच्या लग्नाच्या चिंतेत असलेल्या, भावाने फसवलेल्या गिरणी कामगाराला’ असे लिहिले की कर्ता गाठेपर्यंतच वाचक थकतो. यावर साधा उपाय म्हणजे वाक्य दोन करणे. पहिल्यात माणूस आणि प्रसंग, दुसऱ्यात अडचण. मध्ये एक ‘पण’. पंचवीस शब्दांचा दंडक इंग्रजीसाठी ठीक आहे. मराठीत तो फार मनावर घेऊ नये.

भिवंडीतील विद्यार्थी यंत्रमागावर लिहू इच्छितात, हे स्वाभाविकच. मात्र ‘यंत्रमाग कामगारांचे हलाखीचे जीवन’ हा पुन्हा विषयच. त्याची कथा अशी होऊ शकेल : ‘कारखाना भंगारात निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात मालकाचा विश्वासू मुकादम कामगारांची थकलेली मजुरी मिळवून देण्याचे कबूल करतो. पण त्यासाठी हिशेबाची जी वही उघडी करावी लागणार, तिच्यात त्याच्या स्वतःच्या लपवलेल्या उचलीही आहेत.’ हलाखी हा शब्द न वापरताही ती येथे आहेच.

सर्वच चित्रपट या साच्यात बसतात असे नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) एका वृद्ध लोकशाहिराने गाण्यातून सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. येथे धडपडणारा नायक नाही. चित्रपट वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या खाजगी जीवनातही शिरतो. तरीही आरोपाचे ते एक वाक्य वाचकाला थांबवते, कारण विसंगती आरोपातच आहे. अशा संहितेला ओढूनताणून ध्येय चिकटवणारा अध्यापक तिचे नुकसानच करील.

एक व्यावहारिक बाब विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संरक्षण मिळते ते अभिव्यक्तीला, नुसत्या कल्पनेला नव्हे. दोन ओळींची लॉगलाइन दहा जणांना पाठविणाऱ्याच्या हाती कायद्याचे फारसे बळ नसते. तेव्हा आधी सविस्तर कथा वा पटकथा लिहून मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करावी आणि मगच लॉगलाइन बाहेर द्यावी.