कादंबरीचे निकष कोणाचे?

इयन वॉट यांचा ‘द राइज ऑफ द नॉव्हेल’ हा ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला आणि कादंबरीचा जन्म अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये, डीफो, रिचर्डसन व फील्डिंग यांच्या हातून झाला, ही समजूत विद्यापीठांत दृढ झाली. वाढता मध्यमवर्गीय वाचक, प्रॉटेस्टंट व्यक्तिवाद आणि ‘रूपनिष्ठ वास्तववाद’, म्हणजे विशिष्ट माणसाचा अनुभव विशिष्ट स्थळकाळात बारीकसारीक तपशिलांसह मांडण्याची रीत, ही त्या मांडणीची सूत्रे होत. इंग्लंडपुरती ती आजही उपयुक्त आहे. परंतु एका देशाच्या इतिहासातून निघालेले वर्णन सर्व भाषांची कसोटी झाले, की इतरत्रचे लेखन अपुरे भासू लागते.

चीनमध्ये तर कादंबरीची समीक्षा या तथाकथित जन्माआधीच बहरली होती. जिन शंगथान याने 1641 मध्ये ‘श्वेइहू च्वान’ ही बंडखोरांची दीर्घ कथा सत्तर प्रकरणांपर्यंत छाटली, ओळींच्या मध्ये स्वतःची टीका घातली आणि बोलभाषेतल्या या कृतीला थोर कवी दू फू याच्या काव्याच्या पंक्तीत बसवले. या कथेतला एक वीर वू सोंग वाघाला मारतो त्या प्रसंगात त्याच्या काठीचा उल्लेख वारंवार येतो. वरवर वाचताना तो जाणवत नाही, पण त्याचा माग घेतला तर सारा प्रसंग त्यानेच बांधलेला दिसतो, हे जिनने दाखवले आणि या तंत्राला ‘गवतातला साप, राखेची रेघ’ असे नाव दिले. ओळीगणिक भाष्याची ही रीत भारतीय टीकापरंपरेच्या अभ्यासकाला परकी वाटणार नाही. मूळ संहिता कापून आपलीच आवृत्ती प्राचीन व अस्सल म्हणून पुढे करण्याचे धाडस मात्र त्याला चकित करील.

जपानमध्ये मोतोओरी नोरिनागा याने 1763 मध्ये, अकराव्या शतकाच्या प्रारंभीची मुरासाकी शिकिबूची ‘गेंजी’ ही कृती बौद्ध वा कन्फ्यूशियन नीतीच्या तराजूत तोलण्यास नकार दिला. वस्तुमात्राच्या स्पर्शाने मनात उठणारी हळवी कालवाकालव, हाच त्याच्या मते तिचा गाभा होता.

मराठीत भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’ (1857), ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मोचनगड’ (1871) या आरंभीच्या कृतींवरूनच कादंबरीच्या तीन प्रवृत्ती ठरवल्या: सामाजिक वास्तवाला भिडणारी, रंजनप्रधान कल्पनेत रमणारी आणि भूतकाळाकडे वळणारी. त्यांचा कौल उघडपणे पहिलीकडे झुकतो, त्यामुळे दुसऱ्या प्रवृत्तीला न्याय मिळत नाही, असे म्हणायला जागा आहे. तथापि मराठी कादंबरीची वर्गवारी तिच्याच इतिहासातून करण्याचा मार्ग त्यांनी मोकळा केला.